कारुंब्याच्या वाटेवर तीन कॅरॅव्हॅन

‘आम्ही आखातात निघालोय’ असं गोंदियाला फोनवर सांगितलं, तेव्हा धाकट्या भावाला दुबई वाटली. त्याचं बरोबरच होतं, आपल्याकडे आखात म्हटलं की तेच डोळ्यांपुढे येतं. आमचं आखात कार्पेंटारियाचं. ऑस्ट्रेलियाच्या नकाशात उजवीकडे वर जे शिंग निघालंय, त्याच्या डाव्या अंगाला समुद्र आत घुसलाय ते. त्याच्या आग्नेय कोपऱ्यात, नॉर्मन नदीच्या मुखाशी कारुंबा नावाचं छोटं गाव आहे. हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, दक्षिणेकडचे निवृत्त लोक थंडी टाळून मासेमारीसाठी तिथे जाऊन राहतात. इकडे त्यांना ‘ग्रे नोमॅड’ म्हणतात, पिकल्या केसांचे भटके.

आमचा बेत तीन वर्षांपूर्वी ब्रिस्बेनला गणपतीच्या जेवणावळीत ठरला होता. तीन कॅरॅव्हॅन, म्हणजे मोटारीमागे ओढायची चाकांवरची घरं, आणि सहा माणसं: आम्ही दोघं, अलिबागचे भावजी आणि वहिनी, आणि माझी सांगलीची मैत्रीण व तिचे यजमान. बेत ठरवण्यात सगळ्यात पुढे तिचे यजमानच होते. नकाशावर पेन्सिलीने मुक्कामसुद्धा त्यांनीच लिहिले. गेल्या वर्षी ते गेले.

मी म्हटलं, तू आमच्या गाडीत चल. ती म्हणाली, ‘नाही गं, माझी कॅरॅव्हॅन मीच नेणार.’ ६६ व्या वर्षी ती शनिवार-रविवार रिकाम्या मैदानात जाऊन कॅरॅव्हॅन रिव्हर्स घ्यायला शिकली. कॅरॅव्हॅन डावीकडे वळवायची तर स्टिअरिंग उजवीकडे, हे हाताला कळायला तिला सहा आठवडे लागले. निघण्याआधी तिन्ही गाड्या वजनकाट्यावर नेल्या. तिची चाळीसेक किलो जास्त भरली. यजमानांची हत्यारांची पेटी तशीच आत होती. दोन खुर्च्या, तंबू, जादा भांडी उतरवली, पेटी ठेवली. आम्ही कुणी काही बोललो नाही.

रविवार : इनिसफेल ते रेव्हन्सहो

ब्रिस्बेनपासून इनिसफेलपर्यंतचे दीड हजारावर किलोमीटर मी इथे लिहीत नाही. तो रुळलेला महामार्ग आहे. खरा प्रवास इनिसफेलला समुद्र पाठीमागे टाकला तिथून सुरू झाला. केर्न्सजवळून चढणारा गिलीज घाट आहे, पण त्याला अडीचशेच्या वर वळणं. कॅरॅव्हॅन ओढत तो नको म्हणून पामर्स्टन महामार्ग धरला. आधी उसाचे मळे, मग दोन्ही बाजूंनी अंगावर येणारं पावसाळी जंगल, आणि वर पोचल्यावर एकदम हिरवी कुरणं आणि गाई. रेव्हन्सहो हे क्वीन्सलँडमधलं सर्वांत उंचावरचं गाव, साधारण ९३० मीटर. आपल्या महाबळेश्वरपेक्षा कमीच, पण रात्री दोन-दोन पांघरुणं लागली.

संध्याकाळी तिन्ही गाड्यांचे रेडिओ चॅनल १८ वर लावून बघितले. कॅरॅव्हॅनवाले आपापसांत १८ वर बोलतात, आणि लांब पल्ल्याचे ट्रकवाले ४० वर. पुढे मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, त्यामुळे हा रेडिओच आधार.

सोमवार : उंडारा

रेव्हन्सहोच्या पुढे अर्ध्या तासावर इनॉट हॉट स्प्रिंग्ज. ओढ्याच्या वाळूत गरम पाण्याचे झरे आहेत. वाळू जरा उकरली की पाय पोळतो, चार पावलं सरकलं की सुखद. वहिनींनी ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांना लावलं, वज्रेश्वरीला लावतात तसं.

त्यापुढे जंगल संपतं आणि सव्हाना सुरू होते: विरळ निलगिरी, वाळलेलं पिवळं गवत, लाल माती, आणि माणसाएवढी वारुळं. दुपारी उंडाऱ्याला पोचलो. साधारण १,९०,००० वर्षांपूर्वी इथल्या ज्वालामुखीतून लाव्हा वाहिला. वरचा थर थंड होऊन दगड झाला, आतला रस वाहत राहिला आणि शेवटी निघून गेला. मागे राहिले पोकळ बोगदे. त्या एका उद्रेकाचा लाव्हा १६० किलोमीटरपर्यंत गेला होता. आत फक्त वाटाड्याबरोबरच जाता येतं.

मी सह्याद्रीच्या काळ्या दगडाच्या राज्यातून आलेली. आपला दख्खनचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, थरावर थर रचलेला. त्यात राहून आपल्याला वाटतं दगड म्हणजे कायमचा, निश्चल. बोगद्याच्या छतावर लाव्हा ओघळून थिजलेले थेंब बघितले तेव्हा पहिल्यांदा तो वाहताना दिसला. जिथे छत कोसळलंय तिथे खड्ड्यात ओलावा टिकतो, म्हणून करड्या माळावर मध्येच गर्द हिरव्या झाडीची बेटं दिसतात. वाटाड्याने सांगितलं, उंडारा म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत ‘लांबचा पल्ला’.

मंगळवार : जॉर्जटाऊन आणि कंबरलंडची चिमणी

ह्या पट्ट्यात रस्ता काही ठिकाणी एकाच गाडीपुरता डांबरी आहे, दोन्ही बाजूंना मातीची रुंद बाजूपट्टी. समोरून रोड ट्रेन आली की सगळं डांबर तिचं. ५३ मीटर लांबीपर्यंत ट्रक जातात ह्या रस्त्यावर, एकामागे एक जोडलेल्या तीन-तीन डब्यांत गुरं भरलेली. आपण डावीकडे मातीत उतरून थांबायचं आणि धूळ बसेपर्यंत हलायचं नाही. उगाच अर्धा रस्ता अडवून धरला तर तिची चाकं मातीत उतरतात आणि दगड आपल्याच काचेवर येतात.

माउंट सरप्राइझ सोडून तासभर झाला होता. समोरून गेलेल्या एका रोड ट्रेनच्या ड्रायव्हरचा चॅनल ४० वर आवाज आला, ‘मधल्या कॅरॅव्हॅनच्या डाव्या टायरमधून धूर येतोय.’ मधली मैत्रिणीची. ती घाबरून ब्रेक दाबेल असं मला वाटलं. तिने दाबला नाही. वेग हळूहळू कमी करत सरळ रेषेत बाजूला घेतली. टायर चिंध्या झाला होता, पण चाकाची रिम शाबूत होती.

हे आणि भावजी धावले. ती म्हणाली, ‘भावजी, तुम्ही जॅक धरा, नट मी सोडते.’ हत्यारांची पेटी उघडली. आत पान्याबरोबर टॉर्क रेंच निघाला, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलेला: कॅरॅव्हॅनच्या चाकाचे नट किती घट्ट करायचे त्याचा आकडा, यजमानांच्या अक्षरात. तिने तो आकडा लावून एकेक नट कटकन आवाज येईपर्यंत आवळला. मग पन्नास किलोमीटरवर थांबून पुन्हा तपासला, तेही त्याच कागदावर लिहिलं होतं.

जॉर्जटाऊनला नवा टायर मिळाला. त्या मापाचा एकच होता. गावापासून वीसेक किलोमीटरवर कंबरलंडच्या जुन्या सोन्याच्या गिरणीची विटांची चिमणी एकटीच उभी आहे, १८८९ सालची. खाण, गाव, माणसं सगळं गेलं. शेजारच्या तळ्यात कमळं, पाणकावळे आणि बदकं. तिथेच मुक्काम केला. रात्री भाजणीची थालीपीठं. आकाशगंगा एवढी दाट होती की वहिनींना आधी ढग वाटला.

बुधवार, गुरुवार : क्रॉयडन आणि गल्फलँडर

हे दोन दिवस ह्यांचे. ह्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल विभागात गेली, आणि लहानपण गोंदिया जंक्शनवर. जबलपूरला जाणारी अडीच फुटी नॅरोगेज हे शाळेत असताना पत्र्याच्या छपराखाली उभे राहून बघायचे. ती लाइन आता ब्रॉडगेज झाली. गल्फलँडर ही आगगाडी बघायला म्हणूनच आमचं सगळं वेळापत्रक बुधवारवर बसवलं होतं. बुधवारी गाडी नॉर्मन्टनहून क्रॉयडनला येते आणि गुरुवारी परत जाते. आठवड्यातून तेवढंच.

क्रॉयडनला १८८५ मध्ये सोनं सापडलं आणि १८८८ ते १८९१ मध्ये हा १५२ किलोमीटरचा रूळ टाकला. तो देशाच्या बाकीच्या रेल्वेजाळ्याला तेव्हाही जोडलेला नव्हता, आजही नाही. दोन्ही टोकांना मोकळा माळ. रुळांखालचे लाकडी स्लीपर इथे वाळवी खाते आणि पूर वाहून नेतो. जॉर्ज फिलिप्स नावाच्या अभियंत्याने त्यावर तोड काढली. पन्हळीसारखे वाकवलेले पोकळ पोलादी स्लीपर उलटे मांडले आणि पोटात चिखल भरून बसवले. पूर आला की पाणी रुळावरून निघून जातं, पूर ओसरला की रूळ जागच्या जागी. सव्वाशे वर्षांपूर्वीचे स्लीपर अजून गाडी झेलतायत. हे फलाटाच्या टोकाला गुडघे टेकून बसले, हाताने माती बाजूला करून स्लीपर बघितला, आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

गुरुवारी हे गाडीने नॉर्मन्टनला गेले, पाच तास लाकडी बाकावर. कॅरॅव्हॅन मी नेली. एवढा लांब पल्ला मी एकटीने कधी ओढला नव्हता. पुढे मैत्रीण, मागे मी, मध्ये दोनशे मीटर अंतर. रेडिओवर ती दर दहा मिनिटांनी सांगत होती: ‘पुढे गाय आहे डावीकडे.’ ‘पूल अरुंद आहे, सावकाश.’ ‘आता सरळ आहे, पाणी पी.’ रुग्णालयात मी तीस वर्षं परिचारिका होते, रात्रपाळ्या केल्या. अशा आवाजाची किंमत मला कळते.

नॉर्मन्टनच्या मुख्य रस्त्यावर ८.६३ मीटर लांबीची मगर उभी केलीय. १९५७ मध्ये नॉर्मन नदीकाठी क्रिस्टिना पावलोव्स्का ह्या बाईंनी मारलेल्या मगरीची ती प्रतिकृती, असं तिथला फलक सांगतो. भावजी तिच्या जबड्यात वाकून उभे राहिले, वहिनींनी फोटो काढला. खाऱ्या पाण्यातल्या मगरींना क्वीन्सलँडमध्ये १९७४ पासून संरक्षण आहे, आणि त्यांची संख्या पुन्हा वाढलीय. पाण्यापासून पाच मीटर लांब उभं राहायचं, मासे काठावर साफ करायचे नाहीत, एकाच जागी रोज जायचं नाही. मगर बघून ठेवते.

गावापासून चाळीसेक किलोमीटरवर बर्क आणि विल्स ह्या शोधप्रवाशांची ११९ क्रमांकाची छावणी आहे. फेब्रुवारी १८६१ मध्ये मेलबर्नहून चालत ते इथवर आले. पाणी खारं लागलं, भरती-ओहोटी कळली, पण खारफुटी आणि चिखलातून समुद्र काही दिसला नाही. तसेच परत फिरले. त्या शेवटच्या टप्प्यावरच्या चौघांपैकी एकच वाचला. त्या मोहिमेचे बरेचसे उंट हिंदुस्थानातून आणलेले होते आणि त्यांच्याबरोबर उंटवालेही. त्या उंटवाल्यांबद्दल छावणीवर मला काही वाचायला मिळालं नाही. ह्या मुलखात आपल्याकडची माणसं आमच्याही फार आधी येऊन गेली आहेत, ते तिथे लिहिलेलं असावं असं मनापासून वाटलं.

शुक्रवार : सारस

नॉर्मन्टन ते कारुंबा सत्तर किलोमीटर. जमीन एवढी सपाट की क्षितिज सगळीकडे सारखं गोल. रस्त्याच्या कडेला पाण्याची खोली मोजायचे खांब. पावसाळ्यात हे सगळं पाण्याखाली असतं. मार्च २०२३ च्या पुरात पश्चिमेकडचं बर्कटाऊन गाव विमानाने रिकामं करावं लागलं होतं. आम्ही मात्र कोरड्या, स्वच्छ, निळ्या सकाळी चाललो होतो.

अर्ध्या वाटेवर उथळ पाणथळीत करड्या रंगाचे उंच पक्षी दिसले, दोनेकशे तरी. मी रेडिओवर ओरडलेच, ‘थांबा, थांबा सगळे!’ बहुतेक ब्रोल्गा होते. हा इथला क्रौंच, लाल रंग फक्त डोक्यापुरता, पाय काळपट. पण मधूनमधून काही जास्त उंच, पाय गुलाबी, आणि लाल रंग डोक्यावरून मानेवर उतरलेला.

सारस.

मी गोंदिया जिल्ह्यातली. आमच्या धानाच्या बांध्यांमध्ये सारसाची जोडी चालायची तेव्हा आजोबा बैल थांबवायचे. महाराष्ट्रात सारस आता गोंदिया आणि भंडाऱ्यातच थोडे उरलेत. ऑस्ट्रेलियात सारस आहे हे पक्षितज्ज्ञांनी नोंदवलं तेच मुळी १९६६ मध्ये, इथे नॉर्मन्टनजवळ. तोवर सगळ्यांना ब्रोल्गाच समजत होते. ही त्याची वेगळी उपजात, पण मान टाकायची पद्धत, पाऊल उचलायची पद्धत तीच. एकाने मान मागे टाकून हाक दिली तेव्हा मला आजीच्या अंगणातलाच आवाज ऐकू आला. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले. ह्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली आणि स्वतः लांब जाऊन उभे राहिले.

मैत्रीण थर्मासमधला चहा घेऊन आली. थोड्या वेळाने म्हणाली, ‘तुमच्याकडे म्हणतात ना गं, जोडीतला एक गेला की दुसरा सारस खाणं सोडतो?’

मी तिला कधीतरी, फार पूर्वी, हे सांगितलं होतं. काय उत्तर द्यावं कळेना. तिने माझ्या हातातली दुर्बीण घेतली. ब्रोल्गांच्या घोळक्यात कडेला एक सारस होता, जवळपास दुसरा नाही. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

‘हा खातोय,’ ती म्हणाली. ‘चिखलात चोच घालून चांगला खातोय बघ.’

मग आम्ही चहा प्यायलो.

शुक्रवार संध्याकाळ ते बुधवार : कारुंबा

क्वीन्सलँडचा बहुतेक किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, सूर्य समुद्रातून उगवतो. कारुंबा पॉइंटला तो समुद्रात मावळतो. संध्याकाळी सव्वासहाच्या सुमाराला सगळं गाव खुर्च्या घेऊन किनाऱ्यावर येतं. वहिनी म्हणाल्या, ‘चाळीस वर्षांनी सूर्य नीट मावळताना बघितला.’ अलिबागच्या माणसाला पश्चिमेचा समुद्र म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं.

शनिवारी सकाळी शेजारच्या कॅरॅव्हॅनमधले व्हिक्टोरियातले आजोबा पकड घेऊन आले. वय ८२, सतरावा हिवाळा इथे. मासे साफ करायच्या सार्वजनिक टेबलावर त्यांनी ओळीने मासे मांडले. वहिनी सहज बघायला गेल्या, आणि मग त्यांचा आवाज चढत गेला. ‘अहो, हा रावस! अगदी आपला रावस!’ आजोबा म्हणाले, ब्लू सॅमन. दुसऱ्या माशाला त्यांनी ग्रंटर म्हटलं, कारण पाण्याबाहेर काढला की तो घुरघुरतो. वहिनींनी तो उचलला, कान लावला आणि म्हणाल्या, ‘करकरा!’ आमच्याकडेही आवाजावरूनच नाव पडलंय, करकर करतो म्हणून, हे मी आजोबांना समजावून सांगितलं. त्यांनी तो शब्द चार वेळा म्हणून बघितला. हजारो मैलांवरच्या दोन किनाऱ्यांवर, एकमेकांना न विचारता, माणसांनी एकाच माशाचं एकच ऐकलं. त्या दिवसापासून आजोबा ग्रंटरला ‘करकरा’च म्हणत होते.

दुपारी भावजींनी गळ टाकला. तासाभरात मोठी किंकाळी. मी वळून बघितलं तर भावजी वाळूत बसलेले, चेहरा पांढरा, घामाने डबडबलेले. दोन वर्षांपूर्वी त्यांना दोन स्टेंट बसलेत. आम्हा सगळ्यांच्या मनात एकच आलं. वहिनी जिभेखालची गोळी काढायला लागल्या. मी नाडी बघितली: जलद, पण नियमित. ‘छातीत दुखतंय?’ त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि उजवा हात पुढे केला. गळाला शिंगाळा लागला होता. सोडवताना त्याच्या पाठीवरचा काटा तळव्यात घुसला होता.

शिंगाळ्याच्या काट्याचं विष उष्णतेने निष्प्रभ होतं. गरम पाण्यात हात बुडवायचा, साधारण ४५ अंश, पोळेल इतकं नाही. दुखऱ्या हाताला चटका कळत नाही, म्हणून पाणी आधी दुसऱ्या, चांगल्या हाताने बघायचं. मैत्रिणीने तीन कॅरॅव्हॅनच्या तीन किटल्या लावल्या. दर दहा मिनिटांनी पाणी बदलत आम्ही सव्वा तास बसलो. पहिली वीस मिनिटं भावजी दात आवळून होते. मग हळूहळू खांदे सैल झाले. नंतर गावातल्या दवाखान्यात काट्याचा तुकडा आत नाही ना ते बघून घेतलं, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं.

‘ह्या वयात एवढ्या लांब कशाला?’ हा प्रश्न निघण्याआधी आमच्या तिन्ही घरांतल्या मुलांनी विचारला होता, आणि तो प्रेमाचा होता. त्याचं उत्तर मी त्या रात्री मुलीला फोनवर दिलं. आम्ही औषधांच्या याद्या एकमेकांकडे देऊन ठेवल्यात. कुणाची गोळी कुठल्या कप्प्यात आहे ते पाचही जणांना ठाऊक आहे. मोठं काही झालंच तर फ्लाइंग डॉक्टरचं विमान येतं. १९२८ मध्ये इथून दक्षिणेला असलेल्या क्लोनकरीहून ही सेवा सुरू झाली, ती ह्याच मुलखासाठी. आणि ब्रिस्बेनच्या घरात आम्ही दोघंच असतो. इथे हाकेच्या अंतरावर पाच माणसं आहेत, तिघांकडे किटल्या आहेत. मुलगी थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, ‘आई, काकांना विचार, आता तिखट खातील का?’

रविवारी आषाढी. मासळीच्या गावात आमच्याकडे साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी. आजोबा आणि आजींना बोलावलं. साबुदाणा त्यांना फक्त गोड खिरीतला माहीत होता. मैत्रिणीने सकाळी अभंग म्हटले. तिचे यजमान दोनदा वारीला चालले होते, सांगलीला असताना.

त्याच सकाळी वहिनींचं भरतीचं गणित चुकलं. कोकणातला साधा हिशेब: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. एकादशी म्हणजे अकरा, पाऊणपट सव्वाआठ. सव्वाआठला किनाऱ्यावर गेलो तर पाणी आपलं स्वस्थ. दुपारपर्यंत बसून बघितलं. इथे बहुतेक दिवस चोवीस तासांत एकच भरती आणि एकच ओहोटी. आखाताच्या आकारामुळे आणि उथळपणामुळे दिवसातून दोनदा येणारी भरती ह्या कोपऱ्यात जवळजवळ विरून जाते. जी उरते ती चंद्राच्या तिथीपेक्षा तो आकाशात किती उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकलाय त्यावर जास्त चालते. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत जाऊन भरतीआधी परतायचा शिरस्ता वहिनींच्या अंगात मुरलेला. ‘दिवसात एकदाच?’ त्या म्हणाल्या. ‘मग इथल्या माणसांना घाई कसली असणार!’

सोमवारी बॅरामंडी केंद्र बघितलं. बॅरामंडी म्हणजे आपला जिताडा. नराचा जन्म घेतो आणि काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो. त्यामुळे क्वीन्सलँडमध्ये ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० पेक्षा मोठा, दोन्ही सोडून द्यायचे. लहानाला वाढू द्यायचं, मोठ्या माद्यांना अंडी घालू द्यायची. रायगडातल्या खाड्यांत जिताडा कमी होत चालल्याचं वहिनी भावांकडून ऐकतात. त्यांनी हे नियम वहीत लिहून घेतले, भावाला पाठवायला म्हणून.

मंगळवार आणि बुधवारबद्दल लिहिण्यासारखं काही घडलं नाही. धुणं धुतलं, कोळंबीचं कालवण केलं, झोपलो. एका दुपारी नदीवर गेलो. १९३८ पासून सिडनीहून इंग्लंडला जाणारी पाण्यावर उतरणारी विमानं इथे थांबायची, पुढे सिंगापूर, कोलकाता, कराची अशी. ही भूमी गुथार्न आणि कुकाच लोकांची, त्यांच्या आठवणीत त्या विमानांच्याही आधीचं खूप काही आहे. नदीकाठच्या पारावर त्यांच्यातल्या दोन वृद्ध बायका गळ टाकून बसल्या होत्या. आम्ही हसलो, त्या हसल्या. ‘काही लागलं का?’ विचारलं तर एकीने बादली तिरकी करून दाखवली.

गुरुवार : परत

पहाटे पौर्णिमेचा चंद्र समुद्रात उतरत होता. आम्ही पाणी भरलं, सांडपाणी रिकामं केलं, कॅरॅव्हॅनच्या पुढचं टेकूचं चाक उचललं. मैत्रीण मात्र अंगणाचं कापड तसंच ताणून, कॉफीचा कप घेऊन उभी होती.

‘मी राहते अजून एक आठवडा,’ ती म्हणाली. ‘आजी-आजोबा पुढल्या गुरुवारी निघतायत. त्यांच्या मागोमाग येईन.’

वहिनी काही बोलणार होत्या, मी त्यांचा हात दाबला. तिच्या औषधांची यादी मी आजींकडे दिली. ह्यांनी तिच्या चारही टायरची हवा बघितली. नट तिने आधीच तपासले होते.

निघालो. सत्तर किलोमीटरचा तो सपाट माळ. मध्ये डोंगर नाही, झाड नाही, म्हणून रेडिओ लांबपर्यंत ऐकू येतो. सारसांची पाणथळ आली तेव्हा चॅनल १८ वर खरखर झाली, आणि तिचा आवाज, तुटक तुटक:

‘...ऐकू येतंय का गं? ह्यांच्याच गळाला... रावस लागलाय, मोठा... आजोबा जाळं घेऊन आलेत... थांब, मी... सोडते आता माइक, दोन्ही हात लागतात...’